दुसरी मतपत्रिका

"हळू बोला, बाबा. रांगेत असं सांगत नाहीत कोणी," सून म्हणाली.

"मग कुठे सांगू? आत गेलं की घाई करतात." सासऱ्यांनी आवाज खाली आणला, पण फारसा नाही. "मास्तरची निशाणी किटली. वरून तिसरी. लक्षात ठेव."

शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात ती दोघं उभी होती. सासऱ्यांचा हात तिच्या दंडावर होता. अडतीस वर्षं त्यांनी भूमापन कचेरीत देशाचे नकाशे काढले होते. गेल्या चार वर्षांत दोन्ही डोळे गेले.

"तो मास्तर उत्तरेत गेला, वेगळं व्हायचं म्हणणाऱ्या त्या लोकांत जाऊन बसला, त्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि परत आला," ते म्हणाले. "हा शिडीवाला इथूनच ओरडतो, ठोकून सरळ करू म्हणून. अरे, ठोकून पत्रा सरळ होतो. माणसं नाही."

पुढे उभा असलेला एकजण खुदकन हसला. सून हसली नाही.

"उत्तरेचा कोपरा काढायला मला सात महिने लागले होते. नुसत्या नद्या. एक चुकली की सगळं चुकलं. ती माणसं आपल्यात राहिली पाहिजेत गं. रागावून राहतील, भांडून राहतील, पण राहतील."

सून त्यांना धरून रांगेत एक पाऊल पुढे सरकली. दोन वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ विजेच्या तारा ओढायला उत्तरेत गेला होता. खांबाखाली कोणीतरी स्फोटकं पुरून ठेवली होती. शवपेटी उघडू नका, असं ती घेऊन येणाऱ्यांनी सांगितलं होतं.

वर्गात टेबलामागच्या बाईंनी तिच्यापुढे एक छापील कागद सरकवला. मतदार सांगेल तसंच मत देईन आणि ते गुप्त ठेवीन, असं त्यावर लिहिलं होतं. तिने सही केली.

"आजोबा, सून भरवशाची आहे ना?" बाईंनी थट्टेने विचारलं.

"रोज सकाळी माझी दाढी तीच करते, बाई. वस्तरा गळ्यापाशी असतो."

सगळा वर्ग हसला.

तिने आधी स्वतःचं मत दिलं. शिडीवर. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मग सासऱ्यांना धरून ती पुन्हा पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. दुसरी मतपत्रिका फळीवर पसरली.

"किटली," सासरे कानाशी कुजबुजले.

"हो."

तिने शिक्का उचलला. तिला किटलीवरच मारायचा होता. वरून तिसरी, तिच्या डोळ्यांसमोर होती. पण तिला एकदम आठवलं की या वेळी मतदारयादीत भावाचं नाव नव्हतं. आईने दोनदा यादी वाचायला लावली होती. एक मत माझं झालं, तिच्या मनात आलं, त्याचं राहिलंच की. आणि हात दोन घरं खाली गेला.

शिक्का उठला तेव्हा शिडीवर जांभळी फुली उमटली होती.

"मारलास?"

"मारला."

"घरात नीट बसला ना? रेघेवर गेला तर बाद करतात."

"नीट बसलाय, बाबा."

तिने कागदाची घडी केली आणि त्यांच्या हातात दिली. पेटीची फट त्यांनी बोटांनी शोधली, घडी आत सोडली आणि ती तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत तसेच वाकून उभे राहिले.

बाहेर पटांगणात ऊन होतं. सुनेने मागे वळून वर्गाच्या दाराकडे पाहिलं. आत जाऊन बाईंना सांगावं का? काय सांगणार? पेटीतून कागद थोडाच बाहेर येणार होता!

"एक विचारू?" सासरे म्हणाले. "तुला शिडीच हवी होती ना?"

तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"मला दिसत नाही, पण कळतं. भाऊ गेलाय तुझा. तुझ्या जागी मी असतो तर मलाही शिडीच हवी असती." त्यांनी काठी पुढे टेकवली. "लेकाला आणलं असतं तर त्याने मी सांगितलं तिथे शिक्का मारला असता आणि चहा प्यायला गेला असता. त्याला काय, ही निशाणी नि ती निशाणी. म्हणून मी त्याला म्हटलं, तू राहू दे, सूनबाई येईल."

"बाबा..."

"ऐक तर. काल अख्खी रात्र मनात हेच होतं. म्हटलं, जिचा भाऊ तिकडे गेला तिच्या हातून जर मास्तरला मत पडलं, तर मग काही अवघड नाही. मग राहू आपण सगळे एकत्र." त्यांनी तिच्या दंडावर थोपटलं. "मत द्यायला म्हणून मी आलोच नव्हतो, पोरी. एका मताने काय होतंय! हे बघायला आलो होतो."

ते हसत होते. डोळे गेल्यापासून तिने त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"बाबा, थांबा," ती म्हणाली.

ते थांबले. मान तिच्याकडे वळवून, चेहरा थोडा वर करून वाट पाहत राहिले. मागून येणारी माणसं त्यांना वळसा घालून फाटकाबाहेर गेली. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"पुढे पायरी आहे," ती म्हणाली.

"बरं," म्हणाले ते, आणि काठीने न चाचपताच त्यांनी पाय पुढे टाकला.