आप्पासोंचा जहाजांचा नाद

"अजून चार चपात्या टाक," आप्पासो पिशवी धरून म्हणाले. "समुद्राच्या वाऱ्यानं भूक लागती."

"दोघांना किती वो लागतंय?" त्रिशलाबाई म्हणाल्या, पण टाकल्या. यंदा पहिल्यांदाच नवरा त्यांना गोव्याला नेत होता.

आप्पासोंच्या जहाजांच्या नादाची सगळं उचगाव थट्टा करायचं. पाच वर्षं झाली, हा ऊसवाला माणूस दर डिसेंबरात एसटीडी बूथवरून फोन करून जहाज कधी लागणार ते विचारायचा आणि पहाटेच्या एसटीनं बंदर गाठायचा. घरात कधी कप न विसळणारा हा गडी डबा मात्र लख्ख घासून परत आणायचा. "जहाजं बघून माणूस सुधारतंय बघा," असं शेजारची बाळाबाई म्हणायची.

त्रिशलाबाईंना तो नाद खुपायचा. त्यांचा श्रेयस सहा वर्षांपूर्वी अशाच कुठल्याशा जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेला होता. जैनाच्या पोरानं मांसमच्छी शिजवायची? आप्पासोंनी बस्तीच्या मंदिरात, देवासमोर, चारचौघांत सांगून टाकलं, "माझ्या उंबऱ्याला त्यानं पाय लावायचा न्हाई." आप्पासो शब्दाचे पक्के. तेव्हापासून घरात पोराचं नाव बंद. त्रिशलाबाईंना त्याला एकदा डोळे भरून बघायचं होतं, बाकी काही नको होतं.

दुपारी चारला दोघं बंदराच्या फाटकाबाहेर पोचली आणि त्रिशलाबाई बघतच राहिल्या. काय ते जहाज! पांढरंशुभ्र, मजल्यावर मजले. अख्ख्या उचगावाच्या खिडक्या मोजल्या तरी कमी पडतील. एवढं लोखंड पाण्यावर असं डौलात उभं राहतं, याचंच त्यांना नवल वाटलं.

"आत पोहायचा हौद हाय," आप्पासो कौतुकानं सांगत होते. "भटारखान्यात एका वेळी दोन हजार माणसांचं शिजतंय."

"तुमाला कसं ठावं?"

"बघून बघून."

"हेच्यावर असंल का वो आपला..."

"जहाजं काय थोडी हाईत?" आप्पासोंनी तोडलं आणि घड्याळ बघितलं. "दिवस मावळायच्या आत जेवाय पायजे."

आप्पासो झाडाखाली डबा घेऊन बसले. त्रिशलाबाई कुंपणापाशी गेल्या आणि कपाळावर हात धरून एकेक कठडा न्याहाळू लागल्या. पांढऱ्या कपड्यातला प्रत्येक माणूस त्यांना श्रेयसच वाटायचा. एवढं देखणं जहाज, पण डोळ्यांतल्या पाण्यानं धड दिसेना.

तेवढ्यात पाठीमागून, झाडाखालून, आवाज आला.

"आप्पा, औंदा डबा लई जड हाय की! घासून द्यायला येळ लागंल मला."