कोरी वाळू

चौकटीत माणूस होता. वेंडेलने कॅमेऱ्यावरून डोकं वर काढलं आणि एक शिवी हासडली. डेथ व्हॅलीच्या वाळवंटात सूर्य वर येताना वाळूवर जो मधासारखा उजेड पडतो, तो जेमतेम पंधरा मिनिटं टिकतो. आणि नेमकं आत्ताच समोरच्या उंच टेकडीच्या धारेवर कोणीतरी वाकून रेंगाळत होतं. बाई की बाप्या, तेही इतक्या लांबून कळत नव्हतं.

"अरे ए, सरक तिथून! पलीकडे उतर, पलीकडे!" त्याने टोपी काढून जोरजोरात हलवली.

ठिपक्याने हात वर केला आणि शहाण्यासारखा धारेपलीकडे दिसेनासा झाला.

"चला, सांगितलेलं ऐकणारं कोणीतरी भेटलं," वेंडेल पुटपुटला.

त्याच्या फोटोंची कॅलेंडरं चाळीस वर्षं एकाच गोष्टीवर खपली होती. माणसाचं पाऊल न पडलेली जागा! खरं तर माणूस सगळीकडे आधीच जाऊन आलेला असतो. म्हणून फोटोआधी वाळूवरची पावलं पुसावी लागत. ते काम त्याच्या बायकोचं, अर्लीनचं. फोटोखालची माहितीही तीच लिही. मऊ केसांचा लांब झाडू घेऊन ती उलट पावली चाले आणि स्वतःची पावलंही पुसत जाई. हात इतका हलका, की झाडूचाही माग उरत नसे. वेंडेलची शिट्टी ऐकू येईपर्यंत मागे मागे जात राहायचं, हा त्यानेच घालून दिलेला नियम.

गेली दोन वर्षं अर्लीन एकेक गोष्ट विसरत चालली होती. काल संध्याकाळी त्यांच्या राहायच्या-झोपायच्या गाडीच्या पायरीवर बसून बीन्स खाताना तिने त्याला विचारलं, "तुम्हीपण फोटोवाले का हो?"

"हो."

"माझा नवरापण. भारी कटकट्या आहे मेला. शिट्टी मारल्याशिवाय परत म्हणून बोलवत नाही."

वेंडेल हसला. मग गाडीमागे जाऊन रडला.

गाडीच्या दाराला बाहेरून कुलूप लावत जा, असं मुलीने शंभरदा बजावलं होतं. पण अर्लीनला कोंडून ठेवणं त्याच्या जिवावर येई. आजही ती पांघरुणात गाढ झोपलेली बघून त्याने दार नुसतं लोटलं होतं. आणि घाईघाईत झाडूही गाडीतच विसरून आला होता.

त्याने पुन्हा चौकटीत पाहिलं आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. आत्ताच तिथून एक माणूस चालत गेला होता. धारेवर पाऊल मात्र एकही नव्हतं. पण उजेड निघून चालला होता. त्याने फोटो घेतला. मग आणखी घेतले, दुसऱ्या धारेवरून, तिसऱ्या धारेवरून. जन्मात इतकी कोरी वाळू त्याला मिळाली नव्हती.

तो परतला तेव्हा ऊन चटके देऊ लागलं होतं. बाहेरच्या चुलीवर त्याने कॉफी केली, दोन मग भरले आणि कोपराने दार ढकललं.

पांघरूण होतं. अर्लीन नव्हती. तिची पाण्याची बाटली उशाशी भरलेलीच होती. झाडूचा खिळा रिकामा होता.

ती सगळं विसरली होती, तेवढं एक काम विसरली नव्हती.

वेंडेलने कळवल्यावर इथल्या राष्ट्रीय उद्यानाची रक्षक मारिसेला अर्ध्या तासात पोचली. पोरगी तरुण होती, पण इथल्याच वाळूत वाढलेली. "घाबरू नका," पाण्याची पिशवी पाठीला लावत ती म्हणाली. "दुपारच्या आत गाठू त्यांना. वाळूत माणूस लपत नाही, पाऊल उमटतंच. आपण नुसतं मागावर चालायचं."

वेंडेल तिच्यामागून टेकडी चढत राहिला.

धारेवर पोचून दोघं थांबले. पलीकडे पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत वाळूच वाळू होती. मारिसेलाने दुर्बीण लावली, इकडून तिकडे फिरवली, पुन्हा फिरवली.

"पण इकडे तर कोणी आलेलंच दिसत नाही!"

वेंडेलने दोन बोटं तोंडात घातली आणि सगळा जीव एकवटून फुंकलं. ओठ कोरडे पडले होते. नुसती हवा बाहेर आली.