इथूनच पाठव

सरपंच गोदूबाई एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून बोंबील सुकायला टांगत होत्या, तेवढ्यात ठेकेदाराचा माणूस कागद घेऊन आला. "सरपंचबाई, सही करा. सरकारच्या पैशानं गावात वेगवान इंटरनेट पोचलं." मग बोंबलांसाठी दोरीसारखी ताणलेली काळी केबल पाहून तो खेकसला, "ही सरकारी वायर!" "दोन वर्सं पुळणीच्या वाळूत पडली होती. जोडायला कोण आलं? मासळी तरी सुकते तिच्यावर." गोदूबाईंना ठाऊक होतं, सही झाली की कागदोपत्री काम संपणार आणि पुन्हा कुणी फिरकणार नाही. त्यांनी हात पुसले. "कागदाचा फोटो माझ्या फोनवर पाठव. पोचला की सही करते." "रेवदंड्याला गेल्यावर पाठवतो." "न्हाय. इथूनच." त्यानं फोन उंच धरला. गोदूबाईंची बोंबलांची अख्खी पाटी टांगून झाली, तरी पडद्यावरचं चाक फिरतच होतं. गोदूबाईंनी दुसरी पाटी त्याच्यापुढे सरकवली. "उभाच हायस तर टांग!"