माळा

"ही सीट आहे की माळा?" माझ्या नव्या स्पोर्ट्स बाईकच्या उंच मागच्या सीटवर थाप मारत बाबांनी विचारलं. त्यांची जुनी टू-स्ट्रोक बाईक सरळ, लांब सीटची. "गाडी अशी असावी! मागच्याला पलंगावर बसल्यासारखं वाटतं." "आणि वळणावर पलंगासारखीच वळते!" मी म्हणाले. शेवटी ठरलं, निकाल आई देणार. आई ओढणी कमरेला बांधून माझ्या माळ्यावर चढली. बाबा एकटेच पुढे सुटले. आरे-वारेच्या किनाऱ्याकडचा उतार लागला आणि आई ओरडलीच. खाली पोचल्यावर बाबांनी खुशीत विचारलं, "घाबरलीस ना?" "घाबरत्ये कसली! एवढी वर्षं तुमच्यामागे बसून इथे आले, पण दिसली ती तुमची पाठ. आज हिच्या डोक्यावरून समोर अख्खा समुद्र दिसला!"  बाबा आपल्या गाडीची चावी माझ्या हातात ठेवून माझ्या गाडीवर बसत आईला म्हणाले, "चढ माळ्यावर."