सुई पडली तरी

टिपणीसांनी बँडमधल्या चौघा मित्रांना सोफ्यावर, दोन्ही स्पीकरच्या बरोब्बर समोर बसवलं. "सुई पडली तरी ऐकू येईल," ते म्हणाले. या स्पीकरपायी त्यांनी कालच व्हॅन विकली होती. ते मात्र अजून कुणाला सांगितलं नव्हतं. बारा वर्षं या हौशी बँडमध्ये बेस गिटार वाजवल्यावर परवाच्या कार्यक्रमातला आपला बेस त्यांना एकदा जिवाचा कान करून ऐकायचा होता.

रेकॉर्डिंग सुरू झालं. ड्रम आले, कीबोर्ड आला, पहिल्या रांगेतल्या कुणा आजोबांचा खोकलासुद्धा आला. बेस काही येईना. त्यांनी वायरी तपासल्या. दुसरी सीडी लावली, तर तिच्यातल्या बेसने टीपॉयवरच्या कपबशा थरथरल्या.

"परवा खरी मजा तुझ्या बेसनेच आणली हं," गायक कर्णिक चहा फुंकत म्हणाला.

टिपणीसांनी आवाज वाढवून कार्यक्रम पुन्हा पहिल्यापासून लावला. पहिल्या गाण्याआधीच्या शांततेत, चालू राहिलेल्या माइकमधून कर्णिकची कुजबुज आली. तो साउंडवाल्याला सांगत होता, "बेस नेहमीसारखा बंद ठेव. त्याला त्याचा स्टेजवर ऐकू येतो, तेवढं बास." त्याच्या तोंडातली सुपारीसुद्धा स्वच्छ ऐकू आली.

टिपणीसांनी कप गोळा केले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून विचारलं, "शनिवारी प्रॅक्टिस सहालाच ना?"

"सहालाच," कर्णिक सुटल्यासारखा म्हणाला. "आणि सगळं सामान तुझ्याच व्हॅनमधून येईल ना, नेहमीसारखं?"