दुपारी मंदावणारं मशीन

कुमुदकाकूंचं शिलाई मशीन रोज दुपारी दोनला मंदावायचं आणि तीनला पुन्हा नीट चालायचं. रफिक मिस्त्रीने मोटर बाहेर काढून नंबर वाचला. पंखा, मिक्सर, मशीन, माणसाचं हृदय, सगळ्यांना आता एकच मोटर बसत होती. म्हणून तर सगळंच स्वस्त झालं होतं.

“काकू, ही कुठून आणलीत?”

“आमच्या ह्यांची. ते गेल्यावर दवाखान्याने काढून दिली. मशीनची जळलीच होती, म्हटलं बसवू.”

रफिकने मोटर जपून खाली ठेवली. “चौदा वर्षं छातीत होती. माणसाच्या सवयी हिच्यात मुरतात. काका दुपारी झोपायचे?”

“जेवण झालं की तासभर.”

“सगळं पुसून देतो. दोन मिनिटांचं काम.”

लग्नसराईचे बावीस ब्लाउज शिवायचे पडले होते. काकूंनी त्या ढिगाकडे पाहिलं, मग मोटरकडे.

“राहू दे. आहे तशीच बसव.”

दुसऱ्या दिवशी दोनला मशीन मंदावलं. काकूंनी त्याच्यावर जुनी चादर पांघरली आणि हूक लावायचे ब्लाउज घेऊन त्या बाहेरच्या खोलीत गेल्या. जाताना दार हळूच ओढून घेतलं.