नकाशातला जोंधळा

जालिंदर पेंटरनं आमच्या प्रवरेकाठच्या जुन्या गावाचा चित्रनकाशा कचेरीच्या भिंतीवर रंगवला. त्यात घाट, वेस, देवळं होती, पाटलाचं कुत्रंसुद्धा होतं. आमच्या बौद्धवस्तीच्या जागी मात्र हिरवागार जोंधळा होता.

"जागा पुरली न्हाई, मास्तर," तो मला म्हणाला.

बहात्तरचा दुष्काळ होता. तालुक्यात गवताचं पातं दिसत नव्हतं, तरी आमच्या अंगणात जोंधळा उगवला. मी तो उपटला, तर दुसऱ्या दिवशी चुलीपाशी आला.

एका सकाळी आईच्या खाटेतून कणसं वर आली होती. आई कुठंच नव्हती.

मी कचेरीकडं धावलो. जालिंदर नकाशाला वार्निश लावत होता.

"जालिंदर, माझी आई दिसली का?"

त्यानं मला नीट न्याहाळलं.

"कोन्च्या गावचं तुमी, पाव्हणं?"